‘नंदू म्हणतो’चा रकाना

सुहास,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "बरं, पाच मिनिटांत येतो."

फोन तुझ्या बायकोचा होता. वृंदावहिनी म्हणाल्या, "भावजी, हे ड्राइव्हवेवर पडलेत. उठत नाहीयेत." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि बूट घालता घालता चक्क तुझ्यावर चिडलो. शनिवार होता. दहा वाजता मी तुझ्याकडे येणारच होतो. साडेआठलाच बर्फ उपसायची एवढी काय घाई होती? बायकोला म्हणालो, "मेधा, सुहास घसरलाय वाटतं. पाय मोडून घेतला असणार गाढवाने." गाढव म्हणालो तुला. आणि तेव्हा तू बहुधा नव्हतासच.

तुझ्या दारात अँब्युलन्स उभी होती. ड्राइव्हवे बरोबर अर्धा साफ झालेला, कडा नेहमीसारख्या सरळ. हॉस्पिटलमध्ये एका छोट्या खोलीत डॉक्टरीणबाई येऊन बोलल्या. सगळं इंग्रजी मला समजत होतं, बारा वर्षं झाली या देशात, तरी त्यांचं बोलणं संपल्यावर मी विचारलं, "मग घरी कधी सोडणार त्याला?" त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्या बसल्या तेव्हा मला कळलं. वहिनींना माझ्याआधी कळलं होतं. त्या तुझे हातमोजे मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यातला बर्फ वितळून त्यांची साडी नव्हे, ती नेहमीची निळी जीन्स, ओली होत चालली होती.

एकेचाळीस वर्षांचा माणूस. रोज जिने चढणारा, सिगरेट न ओढणारा, ऑफिसच्या पार्टीत डोनट अर्धा तोडून ठेवणारा. आज पंधरा दिवस झाले आणि अजूनही मी दिवसातून दोनदा तरी तुला सांगायच्या गोष्टी मनात जमवतो. मग लक्षात येतं. दर वेळी नव्याने लक्षात येतं, सुहास. याची सवय कशी होते ते मला कोणी सांगितलेलं नाही.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून मागितलंय. जन्म, शिक्षण, नोकऱ्या, गणपतीत केलेली कामं. ते लिहायला बरेच जण आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला तुझ्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. तीन वर्षं ती मी तुझ्यापासून लपवली. आज सकाळी तुझ्या घरी ती बोललो, पण तुला सोडून बाकीच्यांसमोर.

आधी तुझ्या वेडाबद्दल सांगतो, म्हणजे अंकात वाचणाऱ्यांना कळेल. आपल्या या ओहायोतल्या डब्लिनमधल्या मराठी लोकांना क्रिकेटचं वेड असतं, काहींना इथल्या कॉलेज फुटबॉलचं लागतं. तुला स्वीडनच्या आइस हॉकीचं होतं. तेही मोठ्या, नावाजलेल्या खेळाडूंचं नाही. तुला हवी असायची सतरा-अठरा वर्षांची पोरं, जी अजून ज्युनिअर लीगमध्ये खेळतात आणि कधीतरी राष्ट्रीय संघात जातील किंवा जाणार नाहीत. इंग्रजीत त्यांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. तू म्हणायचास होतकरू. "हॉकीत मला निकालात इंटरेस्ट नाही, होतकरूंमध्ये आहे," असं तू एकदा आमच्या ऑफिसातल्या एका गोऱ्या माणसाला इंग्रजीत समजावत होतास, आणि तो बिचारा मान हलवत राहिला.

इकडे येण्याआधी कंपनीने तुला दीड वर्षं स्वीडनच्या उत्तरेला एका कागदगिरणीच्या गावात पाठवलं होतं. हिवाळ्यात दुपारी दोनला अंधार. तू एकटा, लग्न व्हायचं होतं, मराठी माणूस शेकडो मैलांत नाही. तुझ्या ऑफिसातला योहान तुला एकदा गावच्या बर्फाच्या रिंकवर घेऊन गेला. "नंद्या, त्या अख्ख्या गावात मला दिवे लागलेली तेवढी एक जागा दिसली यार," तू म्हणाला होतास. "आत पोरं प्रॅक्टिस करत होती. एक पोरगा दर दोन मिनिटांनी पडत होता आणि हसत उठत होता. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तो पोरगा पडतो का बघायला." पुढे तू लग्न केलंस, ओहायोला आलास, ईशा झाली, पण त्या गावच्या क्लबची पोरं काही तू सोडली नाहीस. योहान तुला दर महिन्याला सामन्यांच्या टेप पाठवायचा. त्या टेप इथल्या व्हीसीआरवर चालत नाहीत, म्हणून तू पार आयसेलिनच्या देशी बाजारात जाऊन ओक ट्री रोडवरच्या दुकानातून सगळ्या देशांच्या टेप चालवणारा व्हीसीआर आणलास. येताना वहिनींना साडी घ्यायची होती, ती राहिली. ते ऐकवायची एकही संधी त्यांनी सोडली नाही.

मला तू यात ओढलंस दोन हजार एकच्या शेवटी. तेव्हा माझं काय चाललं होतं ते तुला माहीत आहे. प्रोजेक्ट गेलं होतं, कंपनीने मला बेंचवर, म्हणजे बिनकामाचं, बसवलं होतं, आणि बेंचवर फार दिवस बसलं की व्हिसाची पंचाईत. रोज सकाळी कपडे करून जायचं आणि कोणाला कामाला लागतो का हे बघत बसायचं. सगळे माझ्याशी फार चांगलं वागत होते, त्याचाच मला राग यायचा. एकट्या तूच म्हणालास, "शनिवारी काय करतोस बे? ये घरी, पोरं बघू." पुण्याचा माणूस मला, नागपूरवाल्याला, बे लावतोय म्हणून मला हसू आलं आणि मी आलो.

त्या शनिवारांना वृंदावहिनींनी नाव ठेवलं होतं, बघण्याचा कार्यक्रम. सकाळी दहाला कांदेपोहे, वर खोबरं, बाजूला चहा, आणि बेसमेंटमधल्या टीव्हीवर सहा फुटी पोरं एकमेकांना भिंतीवर आपटतायत. तुझी ती वही म्हणजे तर स्थळांची वहीच. एका पानावर एक मुलगा. उंची, वजन, डावखुरा की उजवा, वडील खेळायचे का, घरची माणसं कशी, स्वभाव. स्वीडिश नावं आपल्या जिभेला जड, म्हणून तू प्रत्येकाचं बारसं केलेलं. एक पेन्शनर, कारण तो बचावात उभ्या उभ्या झोप काढायचा. आणि तुझा लाडका बाळ्या. तुझ्या सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा वही त्यांच्या हाती लागली. सगळी पानं त्यांनी चष्मा लावून वाचली आणि संध्याकाळी जावयाला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाल्या, "मुलं उंच आहेत, पण ईशा आत्ता सहा वर्षांची आहे हो, इतक्या लवकर कशाला?" तू तीन दिवस हसत होतास. मी फोन केला की पलीकडून नुसतं हसणंच ऐकू यायचं.

आता नियमाबद्दल. तुझा एकच नियम होता: टेप येईपर्यंत निकाल बघायचा नाही. टेप यायला तीन आठवडे लागायचे. तिकडे रात्री सातला सामना, म्हणजे इथे दुपारचा एक. इंटरनेटवर मिनिटामिनिटाला स्कोअर दिसायचा. तू बघायचा नाहीस. हॉकीच्या साइटकडे तू फिरकायचा नाहीस, योहानला तू बजावलेलं की मेलमध्ये हवामानाशिवाय काही लिहू नकोस. "काय झालं ते माहीत असेल तर बघायचं कशाला? मग ती पोरं होतकरू कशी राहतील?" मी हो म्हणालो होतो. तुझ्या हातावर हात मारून हो म्हणालो होतो.

सुहास, मी बघायचो.

पहिल्यांदा मुद्दाम नाही बघितलं, हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय. बेंचवर बसून काही काम नव्हतं, मंगळवार होता, जेवणाची वेळ होती. बघितलं. बाळ्याने दोन गोल केले होते. तीन आठवड्यांनी टेप लागली, सामना सुरू झाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आज ह्याच्याकडे लक्ष ठेव." त्याने पहिला गोल केला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. दुसरा केला तेव्हा तू पोह्यांची बशी खाली ठेवून उभा राहिलास.

"तुला कसं कळलं?"

त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर तू शिव्या घातल्या असत्या, दोन मिनिटं रुसला असतास आणि संपलं असतं. पण किती महिने झाले होते, सुहास, माझ्याकडे कोणी तसं बघितलं नव्हतं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "खांदे. माणसाचं सगळं खांद्यांवर दिसतं. दमलाय की ताजा आहे, आज खेळणार की नाही. पायांकडे सगळे बघतात, मी खांदे बघतो." कुठून सुचलं कोण जाणे. मी स्वभावाने फुशारक्या मारणारा आहे, मेधा सांगेल. पण तू माझं बोलणं इतक्या मनापासून ऐकत होतास की मलाही ते खरं वाटलं.

पुढच्या शनिवारी वहीत नवा रकाना होता. प्रत्येक पोराच्या पानावर, तळाशी: ‘नंदू म्हणतो’.

मग मी सुटलोच. दर मंगळवारी, गुरुवारी दुपारी स्कोअर बघायचो आणि शनिवारी बेसमेंटमध्ये भविष्य सांगायचो. संशय येऊ नये म्हणून मधूनमधून मुद्दाम चुकायचो. ज्युनिअर राष्ट्रीय संघ निवडला जायचा तेव्हा यादी आधी वाचून ठेवायचो आणि तुला म्हणायचो, "पेन्शनरला घेतील बघ." तू ओरडायचास, "त्या झोपाळूला?" आणि मग घ्यायचे. लोकांना तू सांगत सुटलास. मंडळाच्या दिवाळीत एका काकांनी मला बाजूला घेऊन त्यांच्या मुलाचे खांदे दाखवले, टेनिससाठी. मला काम मिळालं, बेंच सुटला, घर घेतलं, पण मी थांबलो नाही. तुझ्या त्या बेसमेंटमध्ये मी कोणीतरी होतो. ते मला सोडवेना.

यंदाच्या हिवाळ्यात इथली मोठी लीग बंद पडली. मालक आणि खेळाडूंचं भांडण, आपल्या शेजारच्या कोलंबसच्या रिंकला कुलूप. इथले मोठमोठे स्वीडिश खेळाडू आपापल्या गावी खेळायला परत गेले. सगळं स्वीडन खुश, तू मात्र भडकलेला. कारण ते परत आले म्हणून बाळ्या बसला बाहेर.

"अरे, शिकेल की त्यांच्याकडून," मी म्हणालो.

"बाकावर बसून काय शिकणार? कपाळ? ह्यांचं करिअर झालंय, ह्यांना पैसा मिळालाय, आणि बाहेरून येऊन पोरांची जागा खातायत."

"सुहास, आपल्याबद्दल ऑफिसात हेच बोलतात."

तू टेप थांबवलीस. मला वाटलं मी जिंकलो. मग तू म्हणालास, "बोलतात ते सगळंच काही खोटं नाही रे. म्हणून तर मला त्या पोराचं वाईट वाटतं." मी म्हणालो हे भंपक आहे, आपण कोणाचं काही घेतलेलं नाही, मेहनत करतो. तू म्हणालास, मेहनत तर बाळ्याही करतो. हा वाद चार शनिवार चालला. मला अजून वाटतं की तू चूक होतास. तुला हरवायला मी परवा रात्रीपर्यंत मनात मुद्दे काढत होतो. तुझ्या तेराव्याच्या जेवणात वांग्याची भाजी वाढताना मला एक फार चांगला मुद्दा सुचला आणि मी वळून तुला शोधलं.

नाताळात वीस वर्षांखालच्या पोरांची जागतिक स्पर्धा यंदा नॉर्थ डकोटात होती. तू म्हणालास, "चल, गाडीने जाऊ. आपल्या दारात आलीय, पुन्हा कधी येणार?" मी म्हणालो, सोळा तास ड्राइव्ह, त्या थंडीत? पुढच्या वर्षी जाऊ. तू म्हणालास पुढच्या वर्षी कॅनडात आहे, आपले व्हिसा, परत येताना पासपोर्टवर पुन्हा स्टॅम्पिंगची भानगड. मी म्हणालो, बघू. नॉर्थ डकोटाला न गेल्याचं दुःख आहेच. पण खरं कारण थंडी नव्हती, हेही आता सांगून टाकतो. तिथे समोर चालू सामना असता. माझ्याकडे कुठला स्कोअर असता तिथे?

आता त्या शनिवारबद्दल. तुझ्या शेवटच्या शनिवारच्या आधीचा. टेप संपली, मी वर येऊन दाराशी बूट घालत होतो. तू मागून आलास. हात पसरून उभा राहिलास, अगदी शिंप्यापुढे उभं राहावं तसा.

"नंद्या, बघ रे जरा. माझे खांदे काय म्हणतात?"

तू हसत होतास. मी पण हसलो. उठलो, तुझ्याभोवती एक फेरी मारली, डोळे बारीक केले, मागून हाताने दाबून बघितलं. आणि म्हणालो, "फिट. अजून दहा सीझन खेळशील."

"नक्की?"

"काहून बे, माझी नजर चुकली का कधी?"

तू म्हणालास, "नाही, ते आहेच." आणि दार लावून घेतलंस.

तू ‘नक्की?’ असं विचारलंस, सुहास. दोनदा विचारलंस. तुझ्यासारखा माणूस स्वतःबद्दल दोनदा विचारत नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं. मी विचारायला हवं होतं, का रे, काय होतंय? दोन शब्दांचं काम होतं. मी तुझ्याभोवती फेऱ्या मारत होतो.

चौथ्या दिवशी, पुण्याहून तुझा भाऊ यायच्या आधी, मी आणि मेधा घरी होतो. वहिनी फ्रीजमधली लोकांनी आणलेली भांडी लावत होत्या. एकाएकी म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला सांगितलं होतं का ह्यांनी? दोन आठवडे जिना चढताना थांबत होते. डावा हात चोळायचे. मी मागे लागून अपॉइंटमेंट घेतली होती, सोमवारची. रविवारी ह्यांनी फोनवर निरोप ठेवून कॅन्सल केली. म्हणाले, नंदूने बघितलंय, मी ठीक आहे." आणि त्या हसल्या. रडता रडता हसल्या. "तुमच्यावर काय विश्वास होता ह्यांचा." माझ्या दंडावर हात ठेवून त्या म्हणाल्या, बरं झालं तुम्ही होतात ह्यांना.

मी काय केलं असेल? मी मान हलवली. फ्रीजमध्ये डबा सरकवून दिला. घरी येताना गाडीत मेधाने विचारलं काय झालं, मी म्हणालो काही नाही. तुझ्या अंत्यसंस्कारात मी चार शब्द बोललो त्यातही ते नव्हतं. लोक म्हणाले छान बोललास. अकरा दिवस मी असा फिरलो. वहिनी सगळ्यांना ते सांगत होत्या, तुझ्या भावाला, मंडळातल्या काकूंना, की नंदूभावजींनी ह्यांना शेवटी किती धीर दिला. प्रत्येक वेळी मी तिथेच उभा असायचो.

परवा तेरावं झालं. काल तुझा भाऊ गेला. आज सकाळी वहिनींचा फोन आला, "योहानची टेप आलीय. ईशा म्हणते बघायचीच. याल का?" योहानने ती तू जायच्या आधीच पोस्टात टाकलेली. तुझी बातमी कळवायला मी त्याला मेल लिहिला होता. त्याचं उत्तर आलं नाही अजून, काय लिहिणार तो.

मी दहा वाजता आलो. वहिनींनी पोहे केले होते. बेसमेंटमध्ये तुझ्या जागेवर कोणी बसलं नाही. ईशाने टेप लावली. नऊ वर्षांची पोर, तुझा मोठा स्वेटर घालून, मांडीवर तुझी वही घेऊन बसली. पान उघडलं बाळ्याचं. पेन्सिल हातात घेतली.

"ओके नंदूकाका, हू इज गोइंग टू स्कोअर?"

सामना डिसेंबरचा होता. मला माहीत होतं. बाळ्याला त्या दिवशी शेवटची सहा मिनिटं मोठ्या संघात खेळायला मिळाली होती आणि त्याने गोल केला होता, मोठ्यांमधला त्याचा पहिला. ते मी ऑफिसात वाचलं तेव्हा टेबलावर हात आपटला होता. तुला कधी एकदा सांगतो असं झालं होतं, आणि सांगता येत नव्हतं, म्हणून मी त्या शनिवारची वाट बघत होतो. तुझं तोंड बघायला मिळेल म्हणून.

ईशा पेन्सिल धरून थांबली होती.

मी म्हणालो, "बाळ्या. पण मला ते खांद्यांवरून कळलेलं नाही. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बघितलं, तीन आठवड्यांपूर्वी."

"बट यू कान्ट लुक. दॅट्स द रूल."

"हो. मी नेहमी बघायचो. पहिल्यापासून."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "सो यू चीटेड? ऑल ऑफ देम?"

"सगळे."

मग मी वर बघितलं. वहिनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं होतं त्या ओरडतील. मी त्यासाठी तयार होतो, मला ते हवं होतं. मी म्हणालो, "वहिनी, मला काही दिसत नाही कोणाच्या खांद्यांवर. सुहासला मी फिट म्हणालो तेव्हाही मला काही दिसलं नव्हतं. मी गंमत केली." "त्याने मला दोनदा विचारलं."

त्यांनी कप खालच्या पायरीवर ठेवले. एकेक करून, नीट. "मी त्यांना पाच वेळा सांगितलं होतं डॉक्टरकडे जा," त्या म्हणाल्या, माझ्याशी नाही, कपांशी. मग वर गेल्या. थोड्या वेळाने वरून कपड्यांचा ड्रायर सुरू झाल्याचा आवाज आला.

टेप चालू होती. आवाज कोणी बंद केला नव्हता. स्वीडिश माणूस भरभर बोलत होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. मी उठून निघून जावं असं मला वाटलं, पण निघायला वर जावं लागणार होतं. बराच वेळ गेला असेल. बाळ्या बाकावरच होता.

"नंदूकाका," ईशा म्हणाली. "आई इज स्टिल इन द लाँड्री रूम. द ड्रायर स्टॉप्ड." मग वही मिटून, "इज शी ओके?"

पोरीने माझ्याकडे काय मागितलं? मी हो म्हणावं एवढंच. मोठी माणसं तेच म्हणतात आणि माझ्या तोंडात ते आलंही होतं, हो गं, आई ठीक आहे, दमली असेल. जिभेच्या टोकावर आलं होतं, सुहास. तुला जाऊन पंधराच दिवस झाले होते.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिने खांदे उडवले, तिला ते इतकं सोपं वाटलं. "देन जस्ट आस्क हर."

आम्ही दोघं वर गेलो. लाँड्री रूमचं दार लोटलेलं होतं. मी बाहेरून हाक मारली. काय बोलावं ते ठरवलं नव्हतं, नुसतं विचारलं, "वहिनी, बऱ्या आहात का?"

ईशाने माझा हात धरला. मी पुन्हा विचारलं नाही. दार ढकललं नाही. थांबलो. आयुष्यात मी कोणाच्या उत्तरासाठी इतका वेळ थांबलेलो नाही.

"नाही," त्या आतून म्हणाल्या. "नाही हो भावजी. अजिबात नाही."

आम्ही दोघं तिथेच दाराबाहेर जमिनीवर बसलो.